काळ्या पानांचा चातुर्मास

पाश्चात्त्य देशांतील उद्यानविषयक ग्रंथ उघडले, तर काळ्या पानांच्या मांसल वनस्पतींविषयी लिहिताना ग्रंथकारांनी हिवाळ्याचीच चिंता वाहिलेली आढळते. हिम पडण्यापूर्वी कुंड्या घरात घ्याव्यात, हा तेथील बागवानांचा दस्तूरच आहे. परंतु गोरेगावात, जेथे ऐन जानेवारीतही पहाटेचा पारा सहसा पंधरा अंशांखाली फारसा उतरत नाही, आणि जेथून जवळच असलेल्या सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या काळात सरासरी २००० मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद होते, तेथे या वनस्पतींना जपावयाचे ते पावसापासून.

याचे कारण त्यांच्या मूळ स्थानात सापडते. ‘झ्वार्टकॉप’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या कृष्णवर्णी एओनियमचे पूर्वज कॅनरी बेटांवरचे. तेथील उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळी, म्हणून हे झाड थंडीत वाढते व उन्हाळ्यात निद्रिस्त होते. ‘ब्लॅक प्रिन्स’ ही एचेव्हेरियाची संकरित जात. तिचे वन्य आप्त मुख्यत्वे मेक्सिकोतले. ही दोन्ही झाडे आपल्या परिचयाच्या पानफुटीच्याच कुलातली असून या कुलाची रीत अशी की, पाण्याची वाफ होऊ नये म्हणून पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडावयाची, आत घेतलेला कर्बवायू आम्लरूपाने साठवावयाचा आणि दिवसा तो खर्ची घालावयाचा. पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते व दुपारी बेचव होते, हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील बेंजामिन हाइन यांनी भारतातच चाखून पाहिले आणि त्यांचे हे निरीक्षण १८१५ साली प्रसिद्ध झाले. पाण्याच्या बाबतीत इतक्या काटकसरी असलेल्या वनस्पतीची मुळे सतत ओल्या मातीत राहिली, तर हवेवाचून गुदमरतात आणि बुरशीला बळी पडतात.

म्हणून आषाढ-श्रावणाचे दिवस हा या रोपांचा चातुर्मास समजावा: एका जागी वास्तव्य आणि पाण्याचा उपवास. मृगाच्या सरी येण्यापूर्वीच कुंड्या गच्चीवरून उचलून छज्ज्याखाली किंवा खिडकीच्या आत, जेथे उजेड व वारा पोहोचतो पण पागोळ्या पोहोचत नाहीत, अशा जागी ठेवाव्यात. कुंडी मातीची, बुडाशी मोठे छिद्र असलेली घ्यावी. मिश्रणात निम्म्याहून अधिक भाग विटांचे बारीक तुकडे, जाड रेती व कोळसा यांचा असावा, उरलेल्यात बागेची माती व थोडे गांडूळखत. खाडीची खारी रेती मात्र वर्ज्य. पाणी द्यावयाचे ते पाने किंचित सुरकुतल्यावरच, तेही बेताने, आणि कुंडीखालच्या बशीत ते साचू देऊ नये.

या मुदतीत पाने हिरवट झाली, तर तो रोग मानू नये. काळा वर्ण हा अँथोसायनिन नामक रंगद्रव्याचा प्रभाव असून प्रखर प्रकाशातच तो गडद होतो. ढगाळ दिवसांत तो ओसरतो आणि उघडीप झाली की पुन्हा चढतो. खोड बुडाशी मऊ व काळपट होणे, हे मात्र कुजण्याचे लक्षण. अशा वेळी विलंब न लावता निरोगी शेंडा स्वच्छ सुरीने कापावा, सावलीत चार-आठ दिवस सुकवावा आणि जखम भरून आल्यावर कोरड्या मिश्रणात रोवावा. पानांच्या बेचक्यांत पांढरा कापूस दिसला, तर तो पिठ्या ढेकूण होय; कडुनिंबाच्या तेलाची पातळ फवारणी त्यावर गुणकारी ठरते.

ऑक्टोबरचा ताप सरला की कुंड्या क्रमाक्रमाने उन्हात आणाव्यात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा एओनियमचा खरा हंगाम. फांद्या लावणे, कुंडी बदलणे, सौम्य खत देणे, ही सर्व कामे तेव्हाच उरकावीत. एप्रिल-मे महिन्यांत त्याची खालची पाने गळतात व गुच्छ मिटू लागतो. ते झाड तहानेले आहे असे समजून पाणी ओतणे, हेच अनेकदा त्याच्या मृत्यूचे निमित्त होते. त्या दिवसांत दुपारच्या उन्हापासून हिरव्या जाळीचा आडोसा पुरेसा.

बागेत प्रथमच पदार्पण करणाऱ्याने एओनियमऐवजी काळ्या पानांच्या ‘झीझी’पासून प्रारंभ करावा. आफ्रिकेतील या झाडाची कोवळी पालवी पोपटी असते व जून होता होता काळी पडते, आणि आपल्या दमट हवेत ते निश्चिंतपणे नांदते. परदेशी पंचांग बाजूस ठेवून आपल्या अंगणातील ऋतूंचा अंमल ओळखणे, हीच या छंदाची पहिली अट आहे. ती पाळणाऱ्यास गोरेगावच्या चार फुटी खिडकीतही ही झाडे वर्षानुवर्षे साथ देतात.