बाळाचा डबा आणि विमानतळाची तपासणी : नियम आईच्या बाजूने आहे

आपल्या समाजातील अनेक घरांत आता विमानप्रवास नवा राहिलेला नाही. कोणाचा मुलगा दुबईत नोकरीला आहे, कोणाची मुलगी इंग्लंडमध्ये शिकून तिथेच स्थिरावली आहे, कोणी बाळंतपणासाठी माहेरी आलेली सून चार महिन्यांनी नवऱ्याकडे परत निघाली आहे. तिकीट काढण्यापासून व्हिसापर्यंत सगळे मोबाईलवर होते. तरीही वस्तीत महिलांच्या बैठका घेताना एक प्रश्न हमखास येतो : "ताई, बाळाचं दूध आत नेऊ देतात का हो? डब्यात खिमटी नेली तर फेकून देतील का?"

प्रश्न साधा आहे, पण त्यामागची भीती साधी नाही. घरात याआधी कोणीच विमानात बसलेले नसते. विचारायला अनुभवी माणूस नसतो. मग ऐकीव माहितीवर बाळाचे खाणे घरीच ठेवले जाते, किंवा सगळे सामानाच्या मोठ्या बॅगेत भरून ती बॅग काउंटरवर दिली जाते आणि पुढचे कित्येक तास भुकेले मूल कडेवर रडत राहते. काही जणी तपासणीच्या रांगेत घाबरून बाटली स्वतःच रिकामी करतात. हे टाळता येण्यासारखे आहे. बाळाच्या खाण्यासाठी नियमात स्पष्ट सवलत आहे, मात्र ती माहीत असावी लागते आणि मागावी लागते.

१०० मिलीचा नियम आला कुठून?

ऑगस्ट २००६ मध्ये लंडनमध्ये एक कट उघडकीला आला. शीतपेयाच्या बाटल्यांतून द्रव स्फोटके नेऊन अमेरिकेकडे जाणारी विमाने उडवण्याचा तो कट होता. त्यानंतर जगभर द्रव पदार्थांवर निर्बंध आले. आज बहुतेक देशांत आंतरराष्ट्रीय प्रवासाला हॅण्डबॅगेतील कोणताही द्रव, जेल किंवा पेस्ट १०० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत चालत नाही, आणि अशा सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावाव्या लागतात. काही विमानतळांवर नवी स्कॅनर यंत्रे बसल्यामुळे हा नियम सैल होऊ लागला आहे, पण सगळीकडे नाही.

अगदी सुरुवातीच्या कडक दिवसांतही ब्रिटनने बाळाचे दूध अडवले नव्हते. सोबतच्या माणसाने प्रत्येक बाटलीतले दूध चाखून दाखवायचे, एवढीच अट होती. मूल तासन् तास उपाशी राहू शकत नाही, हे नियम करणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून मान्य केलेले आहे.

भारतातून निघताना

आपल्याकडे विमानतळ सुरक्षेचे नियम नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरो ठरवतो. नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळासह बहुतेक मोठ्या विमानतळांवर प्रत्यक्ष तपासणी सीआयएसएफचे जवान करतात. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १०० मिलीची मर्यादा आहे, पण औषधे आणि बाळाचे अन्न यांना तीतून वगळलेले आहे. अट एकच : ते प्रवासाच्या गरजेपुरते असावे. देशांतर्गत प्रवासात ही मर्यादा साधारणपणे इतक्या काटेकोरपणे लावली जात नाही. म्हणजे नागपूरहून मुंबईला जाताना बाटलीभर दूध आणि डबाभर वरणभात नेण्यात सहसा अडचण येत नाही.

खरी कसोटी आंतरराष्ट्रीय प्रवासाची, आणि त्यातही विमान बदलण्याची. मुंबईहून निघून दुबई किंवा दोहा येथे विमान बदलायचे असेल तर तिथे पुन्हा तपासणी होऊ शकते आणि तिथल्या यंत्रणेचे नियम लागू होतात. म्हणून प्रवासात जितके देश लागतात तितक्या देशांचे नियम आधी पाहून घ्यावेत.

ब्रिटन आणि अमेरिका : सारखे वाटणारे, पण वेगळे

ब्रिटनच्या विमानतळांवर आईचे काढलेले दूध, पावडरचे तयार दूध, गायीचे दूध, बाटलीतले निर्जंतुक पाणी आणि बाळाचे खाणे १०० मिलीपेक्षा जास्त नेता येते. त्यात दोन बारकावे आहेत. आईचे दूध बाळ सोबत नसतानाही नेता येते, मात्र एका बाटलीत २,००० मिलीपेक्षा जास्त नसावे. बाकीच्या वस्तूंसाठी बाळ सोबत असायला हवे. आणि गोठवलेले आईचे दूध तिथे हॅण्डबॅगेत चालत नाही, ते मोठ्या बॅगेतच द्यावे लागते.

अमेरिकेत नियम अधिक मोकळा आहे. आईचे दूध, पावडरचे दूध आणि बाळाच्या खाण्याची पाकिटे १०० मिलीपेक्षा जास्त नेता येतात, गोठवलेले दूधही चालते, ते थंड ठेवणारे बर्फाचे पॅकही चालतात आणि बाळ सोबत असण्याची सक्ती नाही. कामानिमित्त एकटी प्रवास करणारी आईसुद्धा काढलेले दूध घरी नेऊ शकते. बाटली उघडू नका किंवा एक्स-रेमध्ये घालू नका, अशी विनंती करता येते. मग तुमची स्वतःची तपासणी थोडी जास्त होते, इतकेच.

ही सवलत तिथे कागदावर आधीपासून होती, पण विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांना ती नीट ठाऊक नसल्याच्या तक्रारी येत राहिल्या. म्हणून २०१६ मध्ये कर्मचाऱ्यांना याबाबत प्रशिक्षण देण्याचा वेगळा कायदा अमेरिकेला करावा लागला. नियम असणे आणि तो खिडकीवरच्या माणसाला माहीत असणे यांत अंतर असते. आपल्या लोकांना हे रेशन दुकानापासून तहसील कार्यालयापर्यंत चांगलेच माहीत आहे.

स्टीलचा डबा आणि लेबल नसलेली पुडी

या नियमांची भाषा नीट वाचली की एक गोष्ट जाणवते. ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कंपनीचे सीलबंद खाणे आहे : पावडरचा डबा, फळांच्या गराचे पाकीट, छापील लेबल. आपल्याकडचे बाळ मात्र नाचणीचे सत्त्व, मऊ खिचडी, वरणाचे पाणी, भाताची पेज खाते. स्टीलच्या डब्यावर लेबल नसते. आजीने भाजून दळून दिलेली पूड साध्या प्लास्टिकच्या पिशवीत असते. घरचे अन्न नेऊ नये असा नियम नाही. पण लेबल जे काम करते ते आपल्याला तोंडाने करावे लागते : हे काय आहे आणि कोणासाठी आहे, ते सांगावे लागते.

म्हणून काही साध्या गोष्टी कराव्यात. पुडीवर कागद चिकटवून पदार्थाचे नाव आणि 'बेबी फूड' असे इंग्रजीत लिहावे. बाळाचे सगळे खाणे एका वेगळ्या छोट्या पिशवीत ठेवावे.

पावडरबाबत अमेरिकेला जाणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. २०१८ पासून अमेरिकेकडे थेट जाणाऱ्या विमानांत हॅण्डबॅगेतील ३५० मिलीपेक्षा जास्त पावडरची जादा तपासणी होते, आणि खात्री पटली नाही तर ती आत नेऊ देत नाहीत. ३५० मिली म्हणजे साधारण शीतपेयाच्या एका कॅनएवढी. बाळाच्या दुधाच्या पावडरीला यातून सूट आहे. नाचणीचे सत्त्व 'दुधाची पावडर' या नावाखाली येत नाही. तेव्हा प्रवासात लागेल तेवढीच पूड हातात ठेवावी, महिन्याभराचा साठा मोठ्या बॅगेत द्यावा.

किती न्यायचे?

'प्रवासाच्या गरजेपुरते' म्हणजे नक्की किती, हे मिलीमध्ये सांगितलेले नाही. ते आपण हिशेबाने ठरवावे. विमान हवेत किती तास असते हा हिशेब पुरत नाही. घरातून निघाल्यापासून पोहोचेपर्यंतचे तास मोजावेत. समजा नागपूरहून मुंबईमार्गे लंडनला जायचे आहे. घर ते विमानतळ, आधी पोहोचण्याचा वेळ, दीड तासाचे पहिले विमान, मुंबईतला मुक्काम, साधारण दहा तासांचे दुसरे विमान आणि उतरल्यावर इमिग्रेशनची रांग धरली तर वीसएक तास सहज होतात. बाळ दर तीन तासांनी खात असेल तर सात वेळचे खाणे लागेल. विमानाला उशीर झाला तर असावे म्हणून आणखी दोन वेळचे जोडावे. कोणी विचारले तर हाच हिशेब सांगावा. आकडे सांगणाऱ्या आईशी कोणी फारसा वाद घालत नाही.

काही मोठ्या विमान कंपन्या आधी कळवल्यास बाळाचे जेवण देतात. बहुतेक वेळा ते निदान २४ तास आधी नोंदवावे लागते. स्वस्त तिकिटांच्या विमानात ही सोय बहुधा नसते. कोणत्याही परिस्थितीत केवळ त्यावर विसंबू नये.

दूध आणि अन्न टिकवणे

आईचे ताजे काढलेले दूध २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात चार तास आणि बर्फाचे पॅक ठेवलेल्या इन्सुलेटेड पिशवीत २४ तास टिकते. विदर्भातल्या उन्हाळ्यात २५ अंशांचा भरवसा धरता येत नाही, म्हणून पिशवी घ्यावीच. बर्फाचे पॅक घट्ट गोठलेले असावेत, अर्धवट वितळले तर काही ठिकाणी द्रव म्हणून अडवतात.

पावडरचे दूध घरून कालवून नेऊ नये. तयार केल्यावर ते दोन तासांत संपवावे लागते. पावडर एकेका वेळेची मोजून कोरड्या डब्यांत न्यावी आणि उकळलेले पाणी थर्मासमध्ये. दुधाची पावडर किमान ७० अंशांच्या गरम पाण्यात कालवून मग थंड करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तपासणीनंतर आतल्या उपाहारगृहात किंवा विमानातल्या कर्मचाऱ्यांकडे उकळते पाणी मागता येते. दूध देण्यापूर्वी मनगटावर थेंब टाकून पाहावा.

शिजवलेली खिचडी किंवा भातही साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. ती पहिल्या टप्प्यापुरती ठेवावी. पुढे केळे, सातूचे पीठ, भाजलेल्या पोह्यांची पूड अशा झटपट होणाऱ्या गोष्टी बऱ्या. मात्र बाळाला आधीपासून सवय असलेलेच द्यावे, नवा पदार्थ विमानात सुरू करू नये.

अंगावर पिणारे बाळ असेल तर सगळ्यात सोपे. विमान वर चढताना आणि खाली उतरताना पाजले तर गिळण्यामुळे बाळाच्या कानांवरचा दाब कमी होतो. विमानतळांवर अनेक ठिकाणी बाळाला पाजण्यासाठी वेगळी खोली असते, कोणत्याही कर्मचाऱ्याला विचारावे.

तपासणीच्या रांगेत

बाळाच्या खाण्याची पिशवी आधीच बाहेर काढून ट्रेमध्ये वेगळी ठेवावी. लपवून नेले आणि यंत्रात दिसले की संशय येतो. आधीच सांगितले की काम सोपे होते. भारतात मराठी, हिंदी कोणत्याही भाषेत सांगा. परदेशात एवढे एक वाक्य पुरते : "धिस इज बेबी फूड, प्लीज चेक इट." जवान डबा उघडायला सांगतील, बाटली यंत्रात घालतील, कदाचित चाखून दाखवा म्हणतील. तो त्यांच्या कामाचा भाग आहे, अपमान मानू नये. पण कोणी सरळ "फेका" म्हणाले, तर लगेच फेकू नका. "बाळाच्या अन्नाला सूट आहे, तुमच्या वरिष्ठांना बोलवा," असे शांतपणे सांगा. शेवटचा निर्णय तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्याचा असतो हे खरे, पण तो निर्णय वरिष्ठाने नियम पाहून घ्यावा, एवढे म्हणण्याचा अधिकार तुम्हाला आहे.

उतरल्यावर दुसरी तपासणी

विमानात नेता आले म्हणजे देशात नेता येईलच असे नाही. तिथे कस्टमचे नियम लागतात. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून दूध आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे आईने प्रेमाने दिलेला घरच्या तुपाचा डबा तिथे जप्त होऊ शकतो. बाळाच्या दुधाची पावडर आणि बाळाचे खाणे माणशी २ किलोपर्यंत चालते. अट अशी की ते कंपनीच्या पॅकिंगमधले असावे, फ्रीजशिवाय टिकणारे असावे आणि वापरात नसेल तर सीलबंद असावे. अमेरिकेत भारतातून कच्चा तांदूळ नेता येत नाही, कारण धान्यातल्या खाप्रा किड्याची त्यांना भीती आहे. ऑस्ट्रेलियात जवळचे सगळे अन्न अर्जावर जाहीर करावे लागते, लपवले तर मोठा दंड होतो. शंका असेल तिथे जाहीर करावे. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात.

शेवटी एक विनंती. आपल्या ओळखीची कोणी बाळाला घेऊन पहिल्यांदा विमानाने निघाली असेल, तर तिला फक्त 'सुखरूप जा' म्हणू नका. आदल्या दिवशी तिच्यासोबत बसा, तासांचा हिशेब करा, पुड्यांवर नावे लिहा आणि रांगेत म्हणायचे ते वाक्य तिच्याकडून दोनदा मोठ्याने म्हणवून घ्या.