दगड उभा, लाकूड आडवं

वाई-मेणवलीच्या पट्ट्यात मी घरं, गोठे आणि शेतघरं आखून देते. माझ्याकडे येणाऱ्या माणसाच्या मोबाइलमध्ये घराच्या आधी गेटचे फोटो असतात. त्यात दोन बुरूज असतात, मध्ये कमान, कमानीवर भगवा आणि दोन्ही अंगांना फायबरच्या तोफा. काहींना सिंहही हवे असतात. मी फोटो पाहून घेते आणि एकच प्रश्न विचारते: तुमच्या रानात सगळ्यात उंच आणि सगळ्यात रुंद असं काय शिरतं?

उत्तर द्यायला बहुतेकांना वेळ लागतो, कारण गेट म्हटलं की माणूस ते रस्त्यावरून कसं दिसेल एवढंच पाहतो. कृष्णेच्या काठी एका निवृत्त शिक्षकांचं चार एकर रान आहे. ऊस, थोडी हळद, एक विहीर आणि नवं कौलारू घर. सरांना दहा फूट रुंद, दहा फूट उंच आणि वर अखंड दगडी पट्टी असलेलं दार हवं होतं. मी म्हटलं, "सर, ऊस कुठून बाहेर काढणार?" सर हसले. काकू आतून म्हणाल्या, "मी तेच म्हणतेय, पण माझं ऐकतं कोण!"

ट्रकची रुंदी कायद्याने जास्तीत जास्त २.६ मीटर, म्हणजे साडेआठ फूट असते. भरलेल्या उसाच्या ट्रॉलीतून मोळ्यांची टोकं दोन्ही अंगांना बाहेर येतात, आणि रस्त्यावरून आत वळताना ट्रॉली सरळ रेषेत कधीच येत नाही. बारा फुटांचं गेट कागदावर पुरतं. प्रत्यक्षात पहिल्याच हंगामात खांबाचा कोपरा उडतो. मी चौदा फूट मोकळी रुंदी धरते. उंचीचं तर विचारूच नका. कडब्याची गाडी, बोअरवेलची गाडी, कापणीचं हार्वेस्टर, यांतलं एक जरी कधी आत यायचं असेल तर वरची तुळई पंधरा-सोळा फुटांवर न्यावी लागते. तेवढ्या उंचीवर नेलेली तुळई खालून केविलवाणी दिसते आणि खर्च मात्र दुप्पट मागते.

म्हणून सरांकडे आम्ही दाराचे दोन भाग केले. गाड्यांसाठी चौदा फुटांची वाट, दोन बाजूंना दगडी खांब आणि वर मोकळं आकाश. तिच्या शेजारी माणसांसाठी चार फुटांची स्वतंत्र दिंडी. तिला चौकट, उंबरा, वर तुळई आणि छोटं कौलारू छप्पर. नक्षी करायची ती सगळी इथे. ट्रॅक्टरवाला नक्षी बघत नाही. बघतो तो पायी आलेला पाहुणा, कडी वाजवून दार उघडेपर्यंत उभा असलेला.

ही कल्पना माझी नाही. आपल्या वाड्यांनी ती कधीच करून ठेवली आहे. पुण्यात शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर उभे राहा. हत्तींनी धडक देऊ नये म्हणून बाहेर काढलेले लोखंडी खिळे सगळेच बघतात. त्याच भल्या थोरल्या दारात कापलेली लहानशी दिंडी फार थोड्यांच्या लक्षात येते. रोजची ये-जा तिच्यातून, मोठं दार प्रसंगापुरतं. आत शिरल्यावर वाट सरळ जात नाही, उजवीकडे वळते. शत्रूला एका दमात आत घुसता येऊ नये हा तिथला हेतू. किल्ल्यांवर गोमुखी दरवाजा दोन बुरुजांच्या आड लपवत, तोही त्यासाठीच. आपल्याला शत्रू नाही, पण रस्त्यावरच्या प्रत्येकाला आपलं अंगण आणि वाळत घातलेले कपडे दिसावेत अशीही कोणाची इच्छा नसते. दारातून आत गेलेली वाट थोडी वळवली आणि वळणावर एक झाड ठेवलं की काम होतं. किल्ल्यावरून घ्यायचं तर हे घ्यावं, तोफा नकोत.

आता दगड आणि लाकूड. या दोघांना एकमेकांची कामं सांगितली की प्रवेशद्वार बिघडतं. दगडाला वरून कितीही दाबा, तो सहन करतो. पण त्याला आडवा टाकून मधोमध भार दिला तर तो वाकत नाही, एकदम मोडतो. आपला काळा बेसाल्ट घनफुटाला साधारण ऐंशी किलो भरतो. बारा फूट लांब, दीड फूट उंच, एक फूट जाड पट्टी घेतली तर तिचं स्वतःचंच वजन जवळजवळ दीड टन. ती आधी स्वतःलाच सांभाळणार, मग वरच्या बांधकामाला. जुन्या हेमाडपंती देवळांत खांब एवढे जवळजवळ का, याचं बरंचसं उत्तर यात आहे. लाकडाचं उलट. साग आडवा टाकला तर वाकून भार पेलतो, पण मातीत उभा पुरला की काही वर्षांत बुडातून जातो. तेव्हा दगड उभा, लाकूड आडवं. लाकडी खांब हवाच असेल तर त्याच्याखाली तळखडा हवा, म्हणजे जमिनीपासून वीतभर वर काढलेला घडीव दगड. वाड्यातला प्रत्येक खांब तळखड्यावर उभा असतो. वाळवी आणि ओल, दोघींनाही तो दगड ओलांडावा लागतो.

दगडी कमान हा तिसरा रस्ता. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्याला दाबून धरतो, मधला कळीचा दगड बसला की खालचा लाकडी साचा काढता येतो. पण कमान आपला भार नुसता खाली सोडत नाही, बाजूंनाही ढकलते. तो रेटा खायला दोन्ही बाजूंना जाड भिंत लागते. वाड्याला ती असतेच. शेताच्या कडेला दोन सुट्या खांबांवर उभारलेल्या कमानीला ती नसते, म्हणून मग आत काँक्रीटची तुळई घालून वर दगडाची पातळ फरशी चिकटवतात. तिला माझा विरोध आहे. तीन-चार पावसाळ्यांत फरशीमागे पाणी शिरतं, पांढरे ओघळ येतात आणि एक दिवस तुकडा गाडीच्या टपावर पडतो.

आमच्याकडे दगड म्हणजे बेसाल्टच. घडवायला कठीण, म्हणून महाग. पण सगळा घडवायची गरज नसते. कोपऱ्याचे दगड पाथरवटाकडून टाकी लावून चौकोनी करून घ्यावेत, मधलं अंग रानातल्या अनघड धोंड्यांनी भरावं. उन्हं कलली की त्या टाकीच्या खुणांवर सावली धरते. पॉलिश केलेला दगड त्यापुढे दुकानाच्या पायरीसारखा दिसतो. भिंतीच्या दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारे लांब दगड अधूनमधून आरपार गेलेच पाहिजेत. ते नसतील तर दोन तोंडं सुटी होतात आणि भिंत पोट काढते. काम चालू असताना तुम्ही स्वतः उभे राहून पाहायची गोष्ट ही. कोकणात राहणाऱ्यांनी बेसाल्टच्या मागे लागू नये. जांभ्याचा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, उघड्यावर राहून कठीण होतो, आणि चौकोनी कापूनच मिळतो. त्यावर बारीक नक्षी करू नये, भोकं पडलेल्या अंगाला ती शोभत नाही. वर उताराची टोपी मात्र द्यावी, म्हणजे पावसाचं पाणी डोक्यावर थांबत नाही.

पाया. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचा जड खांब दरवर्षी थोडा थोडा कलतो. दोन्ही खांब एकाच बाजूला कलले तर बरं. ते बहुधा एकमेकांकडे झुकतात आणि फाटकं मध्ये अडकतात. मुरूम लागेपर्यंत खोदा. चार फुटांवर लागेल, सहावर लागेल, लागेल तिथवर. खर्चात काटकसर करायची असेल तर नक्षी पुढच्या वर्षी करा. पाया पुढच्या वर्षी करता येत नाही.

फाटकाचं वजन लोकांना कळत नाही, म्हणून हिशेब देते. सात फूट रुंद, सात फूट उंच, दोन इंच जाड भरीव सागवानी फाटक दीडशे किलोच्या आसपास जातं. वरच्या आणि खालच्या बिजागरीत सहा फुटांचं अंतर धरलं तरी वरची बिजागरी खांबाला सतत ऐंशी-नव्वद किलोने ओढत असते, रात्रंदिवस. नुसत्या दगडी बांधकामात ठोकलेली बिजागरी हा ओढा फार काळ सोसत नाही. त्यामुळे खांबाच्या पोटात काँक्रीटचा गाभा ठेवून बिजागरीचं लोखंड त्यात ओतून घ्यावं. फाटकाची लाकडी फळी फक्त खालच्या निम्म्या भागात ठेवून वर उभे गज लावले की वजनही उतरतं आणि वारा आरपार जातो. जुन्या दारांना बिजागऱ्या नसतच. दाराच्या कडेच्या लाकडालाच वर-खाली गोल टोकं ठेवलेली असत. खालचं टोक दगडातल्या खळग्यात फिरे आणि दाराचं सगळं ओझं थेट जमिनीत जाई. सरांच्या दिंडीला आम्ही तसंच दार बसवलं. आमचे मिस्त्री आधी कुरकुरले. मग स्वतःच खळग्यात ग्रीस घालून पुन्हा पुन्हा दार फिरवत बसले.

लाकूड घेताना सागाचा गाभा घ्या. बाहेरचा फिकट पांढरा भाग वाळवीचं खाद्य आहे, आणि विकणारा तो रंगाखाली लपवतो. पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान मिळालं तर उत्तम. त्यातली ओल केव्हाच गेलेली असते, त्यामुळे ते पिळत नाही. फक्त रंधा मारण्याआधी आतले जुने खिळे शोधून काढा. आपल्याच बांधावरचा साग तोडायचा विचार असेल तर थांबा. झाड तुमचं असलं तरी महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली त्याला परवानगी लागते, आणि माल हलवायला वनविभागाचा वाहतूक परवाना. दगडाचंही तेच, तो गौण खनिजात मोडतो. खाणवाल्याकडून पास आणि पावती घ्या.

रंगापेक्षा तेल बरं. रंगाचा थर फुटला की पाणी आत शिरतं आणि तिथेच कोंडतं. हार्डवेअरच्या दुकानात बेलतेल म्हणून उकळलेलं जवसाचं तेल मिळतं. ते दरवर्षी मे महिन्यात एक हात द्यावं. फळ्यांच्या कापलेल्या टोकांना दोन हात, कारण लाकूड पाणी पितं ते टोकांतून.

जागा ठरवताना वास्तुशास्त्राचा विषय निघतोच. मी वाद घालत नाही. एवढंच म्हणते की रस्त्याच्या वळणावर ईशान्य साधून काढलेलं दार धोक्याचं. बाहेर पडणाऱ्याला दोन्ही बाजूंचा रस्ता लांबवर दिसला पाहिजे. फाटकं आतच उघडली पाहिजेत. आणि फाटक बंद असताना ट्रॉलीसह ट्रॅक्टर रस्त्याबाहेर उभा राहील इतकं, निदान तीस फूट, दार आत हवं. ही मागे घेतलेली जागा वाया जात नाही; तिच्या कडेला एक दगडी ओटा बांधा. वाड्याच्या देवडीत पहारेकरी बसे, तुमच्या ओट्यावर एसटीची वाट बघणारी म्हातारी बसेल. दोन सिंहांच्या पैशात चांगला ओटा होतो. रस्त्याकडेचा नाला मात्र बुजवू नका, त्यावर पाइप टाकून मोरी करा. नाहीतर पहिल्या मोठ्या पावसात रस्त्याचं पाणी तुमच्या दारातून आत येईल.

बांधकामाआधी जमिनीवर फक्की टाका, खांबांच्या जागी बांबू रोवा, तुळईच्या उंचीवर दोरी ताणा आणि गावातल्या एखाद्या ट्रॅक्टरवाल्याला भरलेली ट्रॉली आत-बाहेर करायला सांगा. सरांच्या रानात हे केलं तेव्हा उजवा बांबू पडला आणि तो खांब आम्ही दोन फूट सरकवला.

आणि हे सगळं करण्याआधी एक काम. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. शेजारी वर्षानुवर्षं ज्या वाटेने रानात जातो ती वाट तुमच्या हद्दीतून जात असेल तर तिच्यावर फाटक लावून तुम्हाला ती बंद करता येत नाही; मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तो तहसीलदारांकडे जाऊ शकतो, आणि अडथळा काढायचा आदेश झाला तर दगड घडीव होता की अनघड हे कोणी विचारत नाही. सार्वजनिक रस्त्यापासून बांधकाम किती मागे हवं, हे बांधकाम विभागाकडून आणि ग्रामपंचायतीकडून लेखी घ्या. मोजणीला वेळ लागतो. दिवाळीनंतर पाया खणायचा असेल तर अर्ज उन्हाळ्यातच टाका.