शहाळं नेण्याआधी विचारा

रुग्णालयात कुणाला भेटायला जायचं म्हणजे हातात शहाळं हवंच, ही आपली जुनी सवय. पण रुग्णाला मूत्रपिंडाचा विकार असेल, तर तेच शहाळं जिवावर बेतू शकतं. त्यात पोटॅशियम भरपूर असतं. दुबळ्या मूत्रपिंडांना ते पुरेसं बाहेर टाकता येत नाही आणि रक्तात वाढलेलं पोटॅशियम हृदयाची लय बिघडवतं. म्हणून आधी सिस्टरना विचारा. जाडजूड कादंबरीही नको. सलाइन लावलेल्या हाताने ती धरवत नाही. लांब वायरचा चार्जर, इअरफोन, शब्दकोड्यांचं पातळ पुस्तक यांनी दुपार सरते. पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर पु. ल. देशपांडे यांचं कथाकथन मात्र काही दिवस ऐकवू नका. हसताना टाके दुखतात!