सुधारलेल्या खलपुरुषास क्षमा कोणीं करावी?

घरांतील लहानथोर मंडळी एकत्र बसून दूरचित्रवाणीवरील कथा पाहूं लागली म्हणजे एक वाद हमखास निघतो. कालपर्यंत ज्याच्या नांवानें बोटें मोडलीं तो खलपुरुष आज सन्मार्गास लागतो. मुलें लगेच म्हणतात, ‘झालें गेलें, आतां तो आपला!’ वडीलधाऱ्यांस हें इतकें सोपें वाटत नाहीं. प्रेक्षकांनीं अशा मनुष्याचें पूर्वचरित्र विसरावें काय? प्रश्न करमणुकीचा दिसला तरी त्याचा घरच्या वळणाशीं निकट संबंध आहे. म्हणून त्याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरणादाखल ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ ही अमेरिकन चित्रमालिका घेऊं. निकलोडियन वाहिनीवर २००५ ते २००८ या काळांत दाखविल्या गेलेल्या तिच्या ६१ भागांत अग्निराष्ट्राचा राजपुत्र झुको याचें परिवर्तन रंगविलें आहे. नव्या शिपायांचा बळी देण्याच्या बेतास त्यानें भर सभेंत विरोध केला व पुढें पित्याशीं द्वंद्व करण्याचें नाकारलें. म्हणून प्रत्यक्ष पित्यानें १३ वर्षांच्या या मुलाचें तोंड भाजून त्यास हद्दपार केलें. जगाचा त्राता जो आंग, त्यास धरून आणल्यावांचून परत येऊं नये, अशी आज्ञा झाली. त्या ध्यासापायीं झुकोनें क्योशी बेटावरील घरें पेटविलीं. कटारा या मुलीनें विश्वास टाकून त्याचा व्रण बरा करण्याची तयारी दाखविली असतां, ऐन वेळीं त्यानें आपल्या क्रूर बहिणीचा पक्ष धरला. पित्याहून अधिक माया करणारा चुलता आयरो त्यामुळें बंदिवासांत पडला.

तिसऱ्या पर्वांत त्याची दृष्टि पालटते. पित्याचा धिक्कार करून तो आंगच्या मंडळींत येतो. मागें आपणच मारेकरी धाडला होता, हेंही लपवीत नाहीं. आतां क्षमेचा प्रकार पाहा. माफीचे शब्द पुरे होण्यापूर्वींच चुलता त्यास पोटाशीं धरतो. कटाराचें मन मात्र सर्वांच्या मागून निवळतें, आणि तेंही शब्दांनीं नव्हे. तिच्या आईस मारणाऱ्याचा शोध करण्यास झुको सोबत जातो, तेव्हां. तो मारेकरी गयावया करतो. त्यास ती जिवंत सोडते, परंतु क्षमा करीत नाहीं. चुलत्याची क्षमा तत्काळ, कटाराची विलंबानें. आमच्या मतें दोन्ही योग्यच, कारण जखमा ज्याच्या त्याच्या होत्या.

मग प्रेक्षकांचें काय? वाल्याची कथा आपल्या घरोघरीं ठाऊक आहे. त्याच्या पापाचा वाटा घेण्यास घरचीं माणसेंही तयार झालीं नाहींत. पाप जर वांटून घेतां येत नाहीं, तर दुसऱ्यावर झालेल्या अन्यायाची क्षमा आपण परस्पर कशी वांटावी?

याच मालिकेंतील एक लहानसा प्रसंग आम्हांस विसरवत नाहीं. परागंदा स्थितींत असतां सॉंग नांवाच्या मुलीनें व तिच्या आईनें झुकोस व आयरोस जेवूं घातलें. अग्निराष्ट्राच्या आगीचा व्रण सॉंगच्याही पायावर होता. समदुःखी जाणून तिनें तो झुकोस दाखविला. निघतांना झुकोनें त्यांचेंच वाहनाचें जनावर पळविलें, आणि ती मुलगी दारांतून मुकाट्यानें पाहत राहिली. पुढें झुको राजा झाला, युद्ध थांबलें. परंतु तें जनावर परत केल्याचें मालिकेंत कोठेंही दाखविलेलें नाहीं. राज्याभिषेकाच्या जयजयकारांत सॉंगचा हिशेब तसाच राहून जातो. तो आपण कोणत्या अधिकारानें पुसावा?

तर मग सुधारलेल्या माणसास जन्मभर टोचीत राहावें काय? मुळींच नाहीं. कटारावर येणारी वीज झुकोनें आपल्या अंगावर घेतली, हें पाहूनही जो त्याच्या पालटावर विश्वास ठेवीत नाहीं, त्याचें मनच कठोर म्हटलें पाहिजे. पालट मानावा, त्याचें कौतुकही करावें. पूर्वचरित्र मात्र पुसूं नये. तें पुसलें तर पालटाची किंमत तरी काय उरली?

हा विवेक मुलांस याच निमित्तानें शिकवितां येईल, आणि आपणांसही त्याची गरज आहे. वर्षानुवर्षें टोमणे सोसलेल्या सुनेस, सासूबाई उतारवयांत निवळल्या म्हणजे, ‘आतां तूं विसरून जा’ असें सांगणारे पुष्कळ भेटतात. सांगणाऱ्यांनीं सोसलेलें कांहींच नसतें. सासूबाईंच्या बदललेल्या स्वभावाचा आदर घरानें अवश्य करावा. क्षमा केव्हां करावयाची, किंवा करावयाची कीं नाहीं, हें मात्र त्या सुनेवरच सोंपवावें.