शॉकअपच्या माथ्यावरचे रबर

काही महिन्यांपूर्वी आमच्या जुन्या मोटारीत एक नवा आवाज सुरू झाला. गतिरोधकावरून जाताना पुढच्या डाव्या चाकाकडून ‘खट्’ असे ऐकू येई. शॉक अ‍ॅब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअप, निकामी झाला असणार असे आम्ही धरून चाललो होतो. मिस्त्रींनी बॉनेटचा कोपरा जोराने खाली दाबला आणि सोडला. तो वर आला आणि लगेच स्थिरावला. ‘‘शॉकअप ठीक आहे साहेब, वरचं माउंटिंग गेलंय,’’ ते म्हणाले. माउंटिंग म्हणजे तळहातावर मावेल असा रबर आणि लोखंडाचा एक तुकडा. एवढ्याशा तुकड्याचे काम ते काय? ते समजून घेताना शाळेच्या भौतिकशास्त्रातली बरीच प्रकरणे पुन्हा उघडावी लागली.

बहुतेक लहान मोटारींच्या पुढच्या चाकांना ‘मॅकफर्सन स्ट्रट’ नावाची रचना असते. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्येही ती होती. तिच्यात शॉकअपभोवतीच स्प्रिंग बसवलेली असते. खड्डा आला की स्प्रिंग दबते आणि धक्का स्वतःत साठवते. पण नुसती स्प्रिंग असती तर गाडी कितीतरी वेळ झोके खात राहिली असती. शॉकअपमधले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि त्या झोक्यांच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. मिस्त्रींनी बॉनेट दाबून हेच तपासले होते.

मग रबर कशाला? शॉकअपचा विरोध वेगाबरोबर वाढतो. खडबडीत रस्त्यावरची कंपने लहान पण फार जलद असतात. त्यांच्यापुढे शॉकअप जवळजवळ ताठ दांड्यासारखा वागतो आणि ती तशीच वर पोचवतो. हा दांडा गाडीच्या पत्र्याला थेट जोडला, तर प्रत्येक खडा आपल्या कानात वाजेल. म्हणून मध्ये रबर असते. पुढची चाके वळताना संपूर्ण स्ट्रट फिरतो, त्यासाठी माउंटिंगमध्ये एक बेअरिंगही असते.

रबर कंपने कशी अडवते, हे वर्गात दाखवता येईल. तीन-चार रबरबँड एकमेकांत गुंफून त्यांना कुलपासारखे छोटे वजन टांगा. वरचे टोक हातात धरून हात सावकाश वर-खाली करा. वजन हाताबरोबर हलेल. वेग थोडा वाढवा. एका विशिष्ट वारंवारतेला वजन जोरजोराने नाचू लागेल, हे अनुस्पंदन. आता हात खूप जलद पण थोडाच हलवा. हात हलतो आहे, वजन मात्र जवळजवळ जागच्या जागी! माउंटिंगचे रबर जलद कंपनांच्या बाबतीत हेच करते.

पण रबर म्हातारे होते. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांना गंधकाबरोबर रबर तापवण्याची कृती सापडली. गंधकाच्या पुलांनी रबराच्या लांब साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि रबर टिकाऊ होते. तरीही नैसर्गिक रबराच्या साखळ्यांमध्ये दुहेरी बंध उरतातच. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्यांवर हल्ला करतात, इंजिनाची उष्णता त्याला मदत करते. रबर कडक होते, त्याला भेगा पडतात किंवा ते लोखंडी पट्टीपासून सुटते. मग लोखंडावर लोखंड आपटते आणि ‘खट्’ असा आवाज येतो. गाडी उभी असताना एकाने स्टिअरिंग फिरवावे आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून माउंटिंगच्या माथ्यावर तळहात ठेवावा. हाताला झटके जाणवले, तर बेअरिंग अडकत असल्याची शंका घ्यावी.

तुकडा स्वस्त, पण तो बदलण्याचे काम जोखमीचे. माउंटिंगच्या कडेचे दोन-तीन नट त्याला गाडीच्या पत्र्याशी धरून ठेवतात. मधला मोठा नट मात्र दबलेली स्प्रिंग धरून ठेवतो. गाडी जॅकवर उचलली, चाक हवेत लोंबकळू लागले, तरी स्प्रिंग दबलेलीच असते. समजा, ती १ मिलिमीटर दाबायला २० न्यूटन बल लागते आणि ती १० सेंटिमीटर दबलेली आहे. बल झाले २,००० न्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलोग्रॅमचे वजन. साठलेली स्थितिज ऊर्जा १/२ × २०,००० × ०.१ × ०.१ = १०० ज्यूल. एक किलोग्रॅमचा दगड सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, डोक्यावर पडावा तेवढी! मधला नट आधी सोडला, तर ही सारी ऊर्जा क्षणात मोकळी होते. नट, माउंटिंग आणि स्प्रिंग समोरच्या माणसाच्या तोंडावर येऊ शकतात.

म्हणून आमच्या मिस्त्रींनी आधी कडेचे नट काढून अख्खा स्ट्रट बाहेर घेतला. स्प्रिंगला दोन्ही बाजूंनी दाबयंत्राचे आकडे लावून ती आवळली. माउंटिंगवरचा दाब पूर्ण गेल्याची खात्री केली आणि मगच मधल्या नटाला पाना लावला. दुसऱ्या बाजूचे रबरही तेवढेच जुने, म्हणून दोन्ही माउंटिंग बदलली. शेवटी चाकांची अलाइनमेंट तपासून घेतली.

जुने माउंटिंग आम्ही घरी आणले आहे. स्थितिज ऊर्जेचा धडा शिकवताना आपणही गॅरेजमधून असे एखादे मागून घ्यावे. विद्यार्थ्यांना विचारावे : कोणता नट आधी सोडाल, आणि का? या उत्तरावर कुणाचा तरी डोळा अवलंबून असू शकतो.