जखमांसह उठलेला ख्रिस्त

आईची तिरडी उचलायला चार माणसे मिळत नव्हती. दुष्काळाचे दिवस, परका मुलूख, जवळ अन्नाचा कण नाही. शेवटी दोन ब्राह्मणांना दया आली. तिसरा खांदा मुलाचा आणि चौथा मुलीचा. मुलगी ठेंगणी, म्हणून तिरडीचा आपल्या वाट्याचा भाग तिला डोक्यावर घ्यावा लागला. स्मशान तीन मैलांवर होते.

ही मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई. हा प्रसंग त्यांनी स्वतःच 1907 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत नोंदवून ठेवला आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे आईच्या आधी गेले होते, आईमागोमाग थोरली बहीणही गेली. उरलेला भाऊ श्रीनिवास आणि त्या देशभर पायी हिंडले. कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले, पण 1880 मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. फेब्रुवारी 1882 मध्ये कॉलऱ्याने तेही हिरावले. तेविसाव्या वर्षी वैधव्य आले, तेव्हा मांडीवरची मनोरमा एक वर्षाचीही नव्हती. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथे आत्महत्या केली. त्यानंतर थोड्याच काळाने, 29 सप्टेंबर 1883 रोजी, वाँटेज येथे रमाबाईंनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला.

एवढे मृत्यू पाहिलेल्या, संस्कृत शास्त्रे मुखोद्गत असलेल्या आणि कोणाचेही म्हणणे तपासल्याशिवाय न स्वीकारणाऱ्या या बाईला ख्रिस्ताजवळ काय सापडले असेल? ख्रिस्ती माणूस दुःखाकडे आणि मरणाकडे कसा पाहतो, हे समजून घ्यायला हा प्रश्न फार उपयोगाचा आहे. धर्मशास्त्राची पुस्तके पुष्कळ सांगतात, पण श्रद्धेची खरी परीक्षा माणसाच्या आयुष्यातच होते.

ईयोबाचे मित्र कुठे चुकले?

दुःख आले की माणूस पहिल्यांदा विचारतो, ‘माझ्याच वाट्याला का?’ बायबलमधला ईयोबाचा ग्रंथ याच प्रश्नाभोवती उभा आहे. ईयोब नीतिमान माणूस. एकाएकी त्याची गुरेढोरे जातात, मुले मरतात, अंगभर फोड येतात. तीन मित्र भेटायला येतात आणि त्याला पटवू लागतात: देव न्यायी आहे, तेव्हा तुझ्या हातून नक्कीच पाप घडले असणार. ईयोब हे मान्य करत नाही. तो देवाशी भांडतो, जन्मदिवसाला शाप देतो, खटला चालवायची मागणी करतो. अखेरीस देव बोलतो, पण दुःखाचे कारण सांगत नाही. देव रागावतो तो मात्र त्या मित्रांवर. देवाची बाजू घेऊन बोलणारे चुकीचे ठरतात आणि देवाशी भांडणारा खरे बोलला असा निवाडा होतो.

योहानाच्या शुभवर्तमानातही हा प्रश्न येतो. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो आणि त्याला दृष्टी देतो. दुःखी माणसाच्या खात्यात पाप मांडून हिशोब जुळवायची वाट इथे बंद होते. ज्या काळात विधवेला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणत आणि नवऱ्याच्या मरणाचा दोष तिच्या कपाळी लिहीत, त्या काळातल्या तरुण विधवेला हे ऐकून काय वाटले असेल, याची कल्पना करता येते.

रमाबाईंनीच नोंदवलेली एक आठवण आहे. लंडनच्या फुलहॅम भागात जोगिणी पतित मानलेल्या स्त्रियांची सेवा करत होत्या. समाजाने टाकलेल्या बायकांसाठी तुम्ही हे का करता, असे रमाबाईंनी विचारले. तेव्हा एका जोगिणीने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या विहिरीकाठच्या भेटीची कथा वाचून दाखवली. रमाबाईंच्या मनाची पकड घेतली ती या कथेने आणि त्या सेवेने. वादात मात्र त्या कधी नमल्या नाहीत. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी चर्चच्या वरिष्ठांशी दीर्घ पत्रव्यवहार केला आणि मनाला न पटलेले शब्द उच्चारायला नकार दिला.

शुक्रवार: देव कोणाच्या बाजूला?

ख्रिस्ती श्रद्धेच्या केंद्रस्थानी एक मृत्युदंड आहे. क्रूस ही रोमन साम्राज्याची शिक्षा होती, गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी राखलेली, भर रस्त्यात, विवस्त्र करून, सावकाश मारणारी. सुभेदार पंतय पिलाताच्या हुकमाने येशूला ती झाली. शुभवर्तमाने हा प्रसंग सजवत नाहीत. आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू भेदरलेला आहे, हा प्याला टळावा म्हणून विनवतो आहे. शिष्य आधी झोपतात, मग पळतात. क्रुसावर तो जुन्या स्तोत्रातल्या शब्दांत देवाला विचारतो की, तू मला का सोडलेस. धर्मसंस्थापकाच्या तोंडची ही किंकाळी लपवून ठेवता आली असती. मार्क आणि मत्तय या दोन्ही शुभवर्तमानकारांनी ती लिहून ठेवली.

ख्रिस्ती माणूस या किंकाळीचा अर्थ असा लावतो की, माणसाची वेदना देवाने स्वतः अनुभवली आहे. उपाशी मेलेल्याच्या, छळ सोसलेल्याच्या, टाकून दिलेल्याच्या जागी देव येऊन गेला आहे. त्यामुळे रडणे हा श्रद्धेचा अभाव ठरत नाही. मित्र लाजार याच्या कबरीपाशी येशू स्वतः रडला, आणि तो लाजारला उठवणार होता तरीही रडला.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलायला हवी. ‘आपापला क्रूस वाहा’ हे वचन ख्रिस्ती समाजात अनेकदा दुबळ्यांना गप्प बसवायला वापरले गेले आहे. मार खाणाऱ्या बायकोला, पिळल्या जाणाऱ्या मजुराला सोसत राहा असे सांगण्यासाठी क्रूस पुढे केला, तर तो क्रुसाचा अपमान आहे. येशूने कोणत्याही आजाऱ्याला आजार जपून ठेवायला सांगितले नाही. त्याने भुकेल्यांना जेवू घातले, महारोग्याला हात लावला. रमाबाईंनाही हे पुरते कळले होते. 1897 मध्ये पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळात बायकांचे हाल होत होते, तेव्हा ख्रिस्ती राज्यकर्त्यांच्या कारभाराविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिले.

रविवार: देहाची आशा

तिसऱ्या दिवशी पहाटे स्त्रिया कबरीकडे गेल्या आणि ती रिकामी दिसली. पुनरुत्थानाची पहिली साक्ष मग्दालिया मरियेसारख्या स्त्रियांची आहे. त्या काळी बाईच्या साक्षीला फारसे वजन नव्हते, स्वतः शिष्यांनाही ती बाष्कळ बडबड वाटली. गोष्ट रचायची असती, तर असे साक्षीदार कोणी निवडले नसते. सुमारे वीस-पंचवीस वर्षांनी पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात तर सगळा डावच पणाला लावला आहे: ख्रिस्त उठला नसेल, तर आमचा उपदेशही फुकट आणि तुमचा विश्वासही फुकट, असा त्याचा युक्तिवाद आहे.

पुनरुत्थान आणि आत्म्याचे अमरत्व या दोन गोष्टी अनेकदा एकच समजल्या जातात. ख्रिस्ती मत वेगळे आहे. देह म्हणजे टाकून द्यायचे ओझे, असे ते मानत नाही. देव देहालाही नवे करील, अशी त्याची आशा आहे. म्हणूनच शुभवर्तमानातला उठलेला येशू शिष्यांसमोर भाजलेला मासा खातो. लाजारला पुन्हा मरावे लागले. ख्रिस्ताचे उठणे तसे नव्हते, मरणाचा अंमल त्याच्यावर पुन्हा चालणार नाही, असे त्याचे अनुयायी मानतात.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो तपशील जखमांचा आहे. संशयी शिष्य थोमाला येशू हातांवरचे खिळ्यांचे वण आणि कुशीतली जखम दाखवतो. मरणावर विजय मिळवलेल्या देहावरही वण शिल्लक आहेत. जे घडले ते घडलेच नाही, असे पुनरुत्थान म्हणत नाही. दुःख पुसले जात नाही, त्याची सत्ता जाते. मूल गमावलेल्या आईला ‘विसरून जा’ म्हणणारी श्रद्धा तिच्या काय कामाची? तिची जखम देवाच्याही देहावर आहे, हे सांगणारी श्रद्धाच तिच्याशेजारी बसू शकते.

ख्रिस्ती चालीरीतींत हेच दिसते. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, रात्री काळोख्या चर्चबाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावर मोठी मेणबत्ती लावतात आणि तिच्या ज्योतीवरून प्रत्येकाच्या हातातली मेणबत्ती पेटते. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, वसईपासून गोव्यापर्यंत दफनभूमीतल्या कबरी झाडूनपुसून फुलांनी सजवल्या जातात. आपल्या माणसांशी नाते तुटलेले नाही, हे घरातली लहान मुले तिथे पाहूनच शिकतात.

केडगाव: आशेचे काम

देहाला किंमत असेल, तर उपाशी, आजारी, विटंबित देहाकडे पाठ फिरवता येत नाही. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात साथ आली, तेव्हा तिथल्या ख्रिस्ती लोकांनी रुग्णांची शुश्रूषा करताना स्वतःचा जीव गमावला, असे तिथला बिशप डायोनिसियस याने लिहून ठेवले आहे. रमाबाईंनी पुण्याजवळच्या केडगावात जे उभे केले, ते याच परंपरेतले होते.

1896-97 च्या दुष्काळाच्या बातम्या आल्या तेव्हा रमाबाईंना स्वतःची उपासमार आठवली. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावात घेतलेल्या जमिनीवर ‘मुक्ती’ ही वस्ती उभी राहिली. 1900 च्या सुमारास तिथे जवळपास 1,500 जणांचा निवास होता. शेती, विणकाम, शिवण, छापखाना, अंधांसाठी शिक्षण, कृपासदन हे टाकलेल्या स्त्रियांचे घर, असा त्या वस्तीचा पसारा होता. ज्या मुलीला आईची तिरडी डोक्यावर न्यावी लागली, तिने शेकडो मुलींना तशाच मरणातून बाहेर काढले. मागच्या दुःखाचे हे स्पष्टीकरण नव्हे. आईवडील उपाशी मेले ते यासाठी, असे रमाबाईंनी म्हटले नाही आणि आपणही म्हणू नये. त्या वणांसह त्या कामाला लागल्या, एवढेच खरे.

शेवटची कसोटी उतारवयात आली. मनोरमा ही त्यांची एकुलती एक मुलगी आणि कामाची वारसदार. जुलै 1921 मध्ये ती गेली. रमाबाई तेव्हा 63 वर्षांच्या होत्या, ऐकू कमी येत होते, प्रकृती ढासळली होती. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या आणि ते भाषांतर अपुरे होते. मुक्तीतल्याच स्त्रिया त्याच्या छपाईचे खिळे जुळवत. लेकीच्या मरणानंतर जेमतेम नऊ महिने त्यांना मिळाले. त्या अवधीत त्यांनी भाषांतर पुरे केले आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या ख्रिस्तवासी झाल्या.

पुनरुत्थान हे प्रयोगशाळेत सिद्ध होणारे विधान नव्हे. तो विश्वास आहे आणि तो ठेवायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवायचे. पण त्या विश्वासाने काय घडते, हे मात्र तपासता येते. दुःखाचे समर्थन न करता, अश्रूंची लाज न बाळगता, मरणाला शेवटचा शब्द न देता दुसऱ्याच्या भुकेल्या देहासाठी राबण्याचे बळ तो देतो. सांत्वन सेवेपर्यंत पोचत नसेल, तर ते अपुरे आहे.

म्हणून ख्रिस्ती असोत वा नसोत, सर्व वाचकांना एकच विनंती आहे. ईयोबाच्या मित्रांनी एक गोष्ट अगदी बरोबर केली होती: तोंड उघडण्यापूर्वी सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले होते. ओळखीच्या घरी मरण आले, तर देवाची इच्छा, नशीब, मागच्या जन्मीचे कर्म यांतले काहीही सांगू नका. डबा घेऊन जा, मुलांना सांभाळा, बँकेची आणि इस्पितळाची कामे करून द्या, आणि महिन्याभराने, सगळे पांगल्यावर, पुन्हा एकदा जा.