सरांना निरोप द्यायचा कसा?

पाचोऱ्याचं एम. एम. कॉलेज घ्या, नाहीतर भडगाव-चाळीसगावचं एखादं. ‘बास्केटबॉल कोच’ असं वेगळं पद तिथं सहसा सापडत नाही. असतात ते शारीरिक शिक्षण संचालक. मुलांच्या तोंडी ते ‘पी. डी. सर’. कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळे संघ त्यांच्याच अंगावर असतात. पण त्यातला एखादा खेळ त्यांनी स्वतः जीव ओतून खेळलेला असतो. तो बास्केटबॉल असला, तर वीस-पंचवीस वर्षांत त्या सिमेंटच्या कोर्टावरून तालुक्यातल्या दोन पिढ्या जातात. अशा माणसाला निरोप देणं हे एका संध्याकाळचं काम नाही.

आधी तारीख पाहा. अनुदानित कॉलेजातल्या अध्यापकांची निवृत्ती साठाव्या वर्षी होते, आणि ती त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी धरतात. जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल, तर आदल्या महिन्याची अखेर. आता आपल्याकडच्या एका जुन्या पिढीचा जन्म शाळेच्या दाखल्यावर १ जूनचा आहे. गुरुजींनी नाव घालताना सोयीची तारीख टाकली, दुसरं काही नाही. म्हणून दर वर्षी ३१ मे रोजी राज्यभर निवृत्तांची रांग लागते. खान्देशात त्या दिवशी पारा चव्वेचाळीसच्या आसपास असतो, कॉलेजला सुटी, मुलं गावी. सभागृहात संस्थेचे पदाधिकारी आणि नातलग दिसतात, खेळाडू नसतात. कागदावरची निवृत्ती ३१ मेला होऊ द्या, पण मैदानावरचा निरोप खेळाच्या हंगामातच उरकायला हवा. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा पहिल्या सत्रात जोरात असतात. तेव्हा पोरं कोर्टावर सापडतात.

मग प्रश्न येतो बातमी आधी कोणी सांगायची. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमधली दोन उदाहरणं बोलकी आहेत. ड्यूक विद्यापीठाचे प्रशिक्षक माइक शशेफ्स्की यांनी जून २०२१ मध्ये स्वतः जाहीर केलं, की पुढचा हंगाम शेवटचा. त्यांचा जुना खेळाडू आणि सहायक जॉन शायर पुढं संघ सांभाळणार, हेही तेव्हाच ठरलं होतं. सिराक्यूजचे जिम बोहाइम यांचं उलट झालं. ४७ हंगाम एकाच विद्यापीठात काढल्यावर ८ मार्च २०२३ रोजी संघ हरला. पत्रकारांपुढं त्यांनी धड हो म्हटलं नाही, धड नाही म्हटलं नाही. आणि थोड्या वेळानं विद्यापीठाच्या पत्रकातून कळलं, की आता दुसरा प्रशिक्षक. काम दोघांचंही आयुष्यभराचं; बोहाइम यांचा शेवट मात्र घाईचा आणि गोंधळाचा दिसला.

पाचोऱ्यासारख्या गावात दुपारी प्राचार्यांच्या केबिनमध्ये निघालेली गोष्ट संध्याकाळी चहाच्या टपरीवर पोचते. म्हणून क्रम सांभाळा. जूनमध्ये प्राचार्यांनी सरांशी बसून बोलावं. सरांनी संघाला कोर्टावर गोल उभं करून सांगावं. व्हॉट्सअॅप ग्रुपचा नंबर त्यानंतर. आणि ‘सरांसाठी चषक जिंकायचाच’ हे ओझं पोरांवर टाकू नका. शशेफ्स्कींचा घरच्या मैदानावरचा अखेरचा सामना ड्यूकनं नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध ८१-९४ असा गमावला, आणि महिनाभरात राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत त्याच संघानं त्यांना घरी पाठवलं.

निरोपातला सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे चार्ज देणं. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये चेंडू, जाळ्या, स्टॉपवॉच, वजनं वर्षानुवर्षं चढत जातात आणि मोडलेल्या वस्तू निर्लेखित करायच्या राहून जातात. शेवटच्या महिन्यात मग साठ वर्षांचा माणूस गोदामात फाटके चेंडू मोजत बसतो. स्पर्धेच्या प्रवासासाठी उचललेल्या अग्रिमाचं एखादं बिल अडकलेलं असतं, आणि ते मिटल्याशिवाय ना-देय दाखला मिळत नाही. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत लागलेल्यांना जुनी पेन्शन आहे. त्यांचं प्रकरण जळगावच्या उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयामार्फत महालेखापालांकडे जातं. त्यानंतर लागलेल्यांचं खातं राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचं, त्याचे कागद वेगळे. सेवापुस्तिकेतली एखादी राहिलेली सही इथं महिने खाते. माझं स्पष्ट मत आहे: ज्या संस्थेनं सरांची पेन्शन वेळेवर सुरू करून दिली, तिनं शाल-श्रीफळाशिवायही सत्कार केला. उलट चार शाली घालून फाइल लटकत ठेवली, तर त्या सत्काराला काय अर्थ?

रजिस्टरमध्ये नसलेला एक चार्जही असतो. कोणती मुलगी कोणत्या खेड्यावरून येते, तिची शेवटची एसटी किती वाजता सुटते, बाहेरगावच्या स्पर्धेला पाठवायला तिच्या घरी कोणाशी बोलावं लागतं, आजोबांशी की काकांशी. कोणाचा गुडघा दुखावलेला आहे, कोण उपाशीपोटी सरावाला येतो. पूर्वी वरखेडी-शेंदुर्णीकडची पोरं पीजेनं, म्हणजे पाचोरा-जामनेर रेल्वेनं, यायची-जायची. ती छोटी गाडी मार्च २०२० मध्ये थांबली आणि सरावाच्या वेळा तेव्हापासून एसटीच्या हाती गेल्या. मुलींचा संघ तर बऱ्याच अंशी सरांच्या शब्दावर उभा असतो. नव्या माणसाला सरांनी दोन-चार घरी सोबत नेलं, चहा घेतला, ‘आता हे बघतील’ एवढं सांगितलं, तर संघ टिकतो. नाहीतर पुढच्या हंगामात निम्म्या मुली दिसत नाहीत.

नवा माणूस लगेच येईलच असं नाही. रिकाम्या जागा लवकर भरल्या जात नाहीत, तासिका तत्त्वावर कोणीतरी येतं, आणि मग जुन्या सरांना फोन जातो, ‘सर, जरा बघता का?’ प्रेमानं केलेली ही विनंती दोघांचीही अडचण करते. सर हवे असतील तर एका हंगामापुरतं, लेखी, मानधन ठरवून बोलवा. सामन्यात बाकावरून सूचना देणारा एकच माणूस असावा, आणि तो नवा. जुन्या सरांची खुर्ची प्रेक्षकांत, पहिल्या रांगेत.

काही ठिकाणी मानधनावर कोच असतो; त्याला निवृत्तीची तारीखच नसते. त्याला फक्त जूनमध्ये बोलावणं येत नाही, आणि तो समजून जातो. हे वाईट आहे. करार पुढं न्यायचा नसेल तर वर्ष संपण्याआधी समोर बसवून सांगा, राहिलेलं मानधन चुकतं करा, अनुभवाचा दाखला द्या. संघ हरतोय हे कारण असेल तर तेही तोंडावर सांगता येतं. मात्र गैरवर्तनाची तक्रार असेल तर हा लेख बाजूला ठेवा. तिथं चौकशी आधी, लोकप्रियता नंतर. इंडियाना विद्यापीठानं तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देणारे बास्केटबॉल प्रशिक्षक बॉब नाइट यांना वर्तनाच्या कारणावरून सप्टेंबर २००० मध्ये काढलं. त्या मैदानावर ते परत आले थेट फेब्रुवारी २०२० मध्ये.

राहिला सोहळा. आपल्याकडे फ्लेक्स लागतो, तालुक्यातले सगळे नेते बोलतात आणि सरांच्या हाती माइक येतो तोवर वरण-बट्टीच्या पंगतीचा वास मांडवात शिरलेला असतो. भाषणं तिघांची ठेवा. संध्याकाळी ऊन उतरल्यावर आजी-माजी खेळाडूंचा सामना घ्या, डाव पाच-पाच मिनिटांचे, कारण चाळिशीतले गुडघे दहा मिनिटं धरणार नाहीत. वर्गणीची पावती द्या, हिशेब फलकावर लावा. उरलेल्या पैशातून नवा बोर्ड किंवा आंतरवर्गीय स्पर्धेचा फिरता चषक झाला, तर सरांचं नाव दर वर्षी उच्चारलं जाईल. स्मारकाची वाट पाहू नका. क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सर जानेवारी २०१९ मध्ये गेले. शिवाजी पार्कात त्यांचं स्मारक उभं राहिलं डिसेंबर २०२४ मध्ये.

तुमच्या कॉलेजातले सर येत्या ३१ मेला निवृत्त होत असतील, तर सामन्याची तारीख पहिल्या सत्रातच पक्की करा. सत्र परीक्षांचं वेळापत्रक लागलं, की मैदान मोकळं असूनही संघ भरत नाही.